मास्तर, नर्तकी आणि एक परदेशी गोष्ट

तमाशातली स्त्री म्हटले की मराठी मनात बहुधा एकच कथा जागी होते. गावात फड येतो, नाचणारीण एखाद्या सज्जनाला भुलवते आणि त्याचे घर, पैसा, अब्रू सारे धुळीला मिळते. ही कथा आपल्या मातीतली, गावोगावच्या अनुभवातून आलेली आहे असे आपण गृहीत धरतो. तिचा सर्वांत प्रभावी आविष्कार म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’. त्या कथेचे मूळ मात्र जर्मनीत आहे.

हाइनरिख मान यांची ‘प्रोफेसर उनराट’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक विद्यार्थ्यांचा छळ करणारा, हेकट शिक्षक. एका गायिकेच्या नादी लागून नोकरी गमावल्यावर तो तिच्याच साहाय्याने नगरातल्या प्रतिष्ठितांना जुगाराच्या आणि चैनीच्या मार्गाला लावतो. मान यांच्या उपहासाचा रोख सभ्यतेचा आव आणणाऱ्या वरिष्ठ वर्गावर होता. १९३० साली योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी तिच्यावर ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट केला, तेव्हा उपहास मागे पडून शिक्षकाची शोकांतिका पुढे आली. ‘पिंजरा’त तर हा शिक्षक गावाचा आदर्शच झाला. तो तमाशाला गावातून हुसकावतो आणि चंद्रकला सूड म्हणून त्याच्या हाती तुणतुणे देते. पुढे तिच्याही मनाला चित्रपट न्याय देतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही तीन टप्प्यांच्या या प्रवासात दोषाचे ओझे समाजाकडून स्त्रीकडे सरकत गेले, हे लक्षात घ्यावे लागते.

आता प्रत्यक्षाकडे वळू. पडद्याने ‘तमाशा’ या एका शब्दात जे कोंबले, ते वास्तवात निदान दोन वेगळे व्यवहार आहेत. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. त्यात सोंगाड्याच्या तोंडून पाटलापासून पोलिसापर्यंत सर्वांची हजेरी घेतली जाते. नारायणगावला राहुट्या उभारून गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या घेतल्या जातात आणि कलावंत उचल घेऊन हंगामभर बांधले जातात. संगीत बारी ही प्रामुख्याने स्त्रियांची पार्टी. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब ही तिची ठिकाणे. चित्रपटाने यातली लावणी तेवढी उचलली. वगातला उपरोध आणि उचलीचा हिशोब दोन्ही बाहेर राहिले.

मग कोण कोणाला बुडवते? किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनात कथेची दिशा नेमकी उलटी आहे. तिथे मुलीच्या पायात घुंगरू बांधले की तिचे लग्न होत नाही. तिच्या कमाईवर भाऊ आणि बाप जगतात. गावोगावचे धनवंत तिला काही काळ ‘ठेवतात’ आणि सोडून देतात. मागे उरतात बापाचे नाव नसलेली मुले. घर उद्ध्वस्त होते ते तिचे. प्रेक्षागृहातला सभ्य प्रेक्षक मात्र मास्तरासाठी हळहळत बाहेर पडतो.

साचा केवळ निंदेचाच असतो असे नाही, गौरवाचाही असतो. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो: वगाच्या मध्येच त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. आपण ती कलानिष्ठेची गाथा म्हणून ऐकतो. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री विश्रांती का मिळू शकली नाही, हा प्रश्न विचारत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेल्या या कलावतीचा अखेरचा काळ विपन्नावस्थेत गेला. आज तिच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

यमुनाबाई वाईकर यांना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री. बैठकीच्या लावणीतली त्यांची अदाकारी आणि रागांची जाण जाणकारांना ठाऊक होती. पण सामान्य मराठी माणसाला लावणी म्हटल्यावर आठवते ती पडद्यावरची चंद्रकला.

‘पिंजरा’ वाईट चित्रपट आहे असे येथे म्हणायचे नाही. त्यातला पुतळ्याचा प्रसंगच विलक्षण बोलका आहे: गाव मास्तराच्या प्रतिमेची पूजा करते आणि समोर उभा असलेला जिवंत मास्तर कोणाला ओळखू येत नाही. प्रतिमा माणसाला कशी गिळते, हे त्या चित्रपटाला पुरते कळले होते. फक्त तोच न्याय त्याने मास्तराला लावला, नर्तकीला लावायचा राहून गेला. वर्गात तो चित्रपट दाखवताना शेजारी ‘कोल्हाट्याचं पोर’ ठेवले, तर ही राहून गेलेली बाजू विद्यार्थ्यांना आपणहून दिसू लागेल.