कार्ताझ

कार्ताझ हा हिंदी महासागरात ये-जा करणाऱ्या आशियाई व्यापारी जहाजांना पोर्तुगीज सत्तेने सोळाव्या शतकाच्या आरंभापासून दिलेला लेखी परवाना होय. तो जवळ नसलेले जहाज पोर्तुगीज आरमार शत्रूचे समजे आणि मालासकट जप्त करी. अरबी ‘किर्तास’ (कागद) या शब्दावरून हे नाव आले असे सामान्यतः मानले जाते. पुढे डच, इंग्रज आणि कोकणातील आंग्रे यांनीही आपापले परवाने चालू केले. मराठी कागदपत्रांत अशा परवान्यांना ‘कौल’ किंवा ‘दस्तक’ म्हटलेले आढळते. बंगालमध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा माल जकातीवाचून नेण्यासाठी जो ‘दस्तक’ वापरला जाई तो निराळा. त्याचा समुद्रावरील जप्तीशी संबंध नाही.

उगम

पोर्तुगीज येण्यापूर्वी हिंदी महासागरात चाचेगिरी नव्हती असे नाही. मलबार किनारा तिच्यासाठी कुप्रसिद्धच होता. बंदरात उतरलेल्या मालावर राजे जकातही घेत. परंतु भर समुद्र आपल्या मालकीचा आहे आणि तेथून जायचे तर आपली परवानगी हवी, असा दावा कोणत्याही राजसत्तेने नेटाने चालवलेला नव्हता. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने मात्र इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील ‘विजय, नौकानयन व व्यापार’ यांचा स्वामी अशी पदवी धारण केली. समुद्र सर्वांचा हे तत्त्व युरोपातील ख्रिस्ती राष्ट्रांपुरते आहे, ते इतरांना लागू नाही, असे समर्थन पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारूश याने केले.

वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीत, १५०२ मध्ये, मक्केहून परतणारे ‘मिरी’ नावाचे यात्रेकरूंचे जहाज मलबार किनाऱ्याजवळ लुटून माणसांसह जाळण्यात आले. मित्र बंदरांतील जहाजे ओळखू यावीत म्हणून चिठ्ठ्या देण्याची प्रथाही याच सुमारास पडली. १५१० मध्ये गोवा, १५१५ मध्ये होर्मुझ आणि १५३५ मध्ये दीव येथे पोर्तुगीजांचे ठाणे पक्के झाल्यावर या चिठ्ठ्यांची रीतसर व्यवस्था उभी राहिली.

स्वरूप

कार्ताझमध्ये जहाजाचे व नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, खलाशी, शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर असा तपशील असे. मिरी, शिसे-लोखंडासारखे युद्धोपयोगी धातू, गंधक, सोरा असा माल नेण्यास आणि तुर्कांना जहाजावर घेण्यास मनाई असे. परवान्याचे शुल्क किरकोळ होते. खरा भार निराळाच होता. परवाना घेतलेल्या जहाजाने जाता-येता पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी, अशी अट असे. खंबायतहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला दीवला थांबावेच लागे. किनाऱ्यालगतच्या लहान गलबतांना पोर्तुगीज लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात तांड्याने गोव्यापर्यंत नेत. या तांड्यास ‘काफिला’ म्हणत. संरक्षण म्हणून विकली जाणारी ही सेवा मुख्यतः पोर्तुगीजांपासूनच संरक्षण देत असे, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

कालिकतच्या सामुद्रीने व त्याच्या कुंजाली मरक्कार या आरमारी सरदारांनी ही व्यवस्था शतकभर धुडकावली. त्यांपैकी चौथ्या कुंजालीस १६०० मध्ये गोव्यात देहान्त शासन झाले. किनाऱ्यावरील इतर राज्यांनी प्रायः तडजोड पत्करली. अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांना ठरावीक परवाने मोफत मिळत.

मोगल आणि ‘रहिमी’ प्रकरण

गुजरात जिंकल्यावर मोगल बादशाही समुद्राला भिडली, पण तिच्याजवळ खुल्या समुद्रात लढणारे आरमार नव्हते. १५७३ मध्ये अकबराशी झालेल्या समझोत्यानुसार मक्केला जाणाऱ्या बादशाही जहाजास दरसाल एक मोफत कार्ताझ मिळू लागला. तरीही १५७५ मध्ये हजला निघालेल्या अकबराच्या आत्या गुलबदन बेगम यांना परवान्यावाचून सुरतेत दीर्घकाळ अडकून पडावे लागले. या कागदावर येशू व मेरी यांची चित्रे असत. इराणमार्गे शियांचा मुलूख आणि समुद्रमार्गे ही चित्रे, तेव्हा हज सक्तीचा उरत नाही, असे मत एका दरबारी उलेमाने दिल्याचे बदाऊनी नोंदवतो. एका व्यापारी परवान्याने धर्मशास्त्रापर्यंत पेच निर्माण केला तो असा.

खरा स्फोट जहांगीरच्या काळात झाला. ‘रहिमी’ हे बादशहाची आई मरियम-उज-जमानी हिच्या मालकीचे प्रचंड जहाज होते. १६१३ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेजवळ पोर्तुगीजांनी ते सुमारे सातशे प्रवाशांसह पकडून गोव्याला नेले. जहाजाजवळ वैध कार्ताझ होता; म्हणजे पोर्तुगीजांनी स्वतःचाच कागद मोडला. सुरतेत पाय रोवू पाहणाऱ्या इंग्रजांना हाकलून लावण्यासाठी जहांगीरवर दडपण आणणे हा त्यांचा हेतू होता. परिणाम उलटा झाला. बादशहाने पोर्तुगीजांचा व्यापार थांबवला, जेझुइटांची देवालये बंद केली आणि मुकर्रब खानाकरवी दमणला वेढा घातला. १६१५ मध्ये तह झाला खरा, पण इंग्रज सुरतेतच राहिले आणि त्याच वर्षी त्यांचा वकील टॉमस रो तेथे उतरला.

डचांचा आक्षेप

२५ फेब्रुवारी १६०३ रोजी डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यातील मालाच्या अ‍ॅमस्टरडॅम येथील लिलावात तीस लाखांहून अधिक गिल्डर मिळाले. या जप्तीच्या समर्थनार्थ ह्यूगो ग्रोशियस याने लिहिलेल्या ग्रंथाचा एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ (मुक्त समुद्र) या नावाने प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचा तो पाया मानला जातो. समुद्र कोणाचाही नाही, असे सांगणारा हा ग्रंथ एका लुटीच्या बचावासाठी जन्मला, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे मसाल्याच्या बेटांत डच कंपनीनेच परवाने सक्तीचे केले.

आंग्रे आणि इंग्रज

कोकण किनाऱ्यावर या व्यवस्थेला तिच्याच भाषेत उत्तर मिळाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक प्रकरणात कौल घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या तरांड्यांस उपद्रव देऊ नये, असा दंडक आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी हे तत्त्व पूर्ण ताकदीने अमलात आणले. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या ठाण्यांतून त्यांची गुराबे व गलबते निघत आणि दस्तक नसलेले जहाज धरीत.

१७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचे सशस्त्र जहाज आणि त्याच्यासोबतचे ‘अ‍ॅन’ हे जहाज गाठले. या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याची पत्नी कैद झाली आणि ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले. १७१३ मध्ये तह झाला, पण वाद मिटला नाही, कारण मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला: कंपनीचे जहाज कोणते? मुंबईतील देशी व्यापारी आणि कंपनीचे नोकर आपल्या खासगी जहाजांवर इंग्रजी निशाण लावीत. त्यांना कंपनीचेच संरक्षण आहे, असे मुंबईकर म्हणत. तह कंपनीच्या जहाजांपुरता आहे, इतरांनी आपले दस्तक घ्यावे, असे कान्होजींचे म्हणणे होते. तहाच्या शब्दांकडे पाहता त्यांची बाजू पोकळ म्हणता येत नाही.

गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत विजयदुर्ग व खांदेरीवर हल्ले झाले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर संयुक्त मोहीम निघाली. ती सर्व फसली. १७२४ मध्ये गव्हर्नर विल्यम फिप्स याने चाचेगिरीचा आरोप केला, तेव्हा परधनाचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, अशा आशयाचे उत्तर कान्होजींनी पाठवले. इंग्रजी ग्रंथांत त्यांना दीर्घकाळ ‘चाचा’ म्हटले गेले. मराठी राज्याच्या दृष्टीने ते छत्रपतींचे नियुक्त आरमारप्रमुख होते आणि त्यांच्या जप्त्या हा राजाधिकाराचा भाग होता.

यात भरडला गेला तो सामान्य व्यापारी. सुरतेहून मलबारकडे निघालेल्या गलबताला पोर्तुगीज, इंग्रज, जंजिऱ्याचा सिद्दी आणि आंग्रे अशा अनेकांची मर्जी सांभाळावी लागे, आणि एकाचा कागद दुसऱ्यापुढे चालेलच याची खात्री नसे.

ऱ्हास

कान्होजींच्या मृत्यूनंतर (१७२९) आंग्रे घराण्यात फूट पडली, तरी जप्त्या थांबल्या नाहीत. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्रे यांनी कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज पकडले. पेशव्यांशी बिनसल्यामुळे १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज एकत्र आले. वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार तेथेच जळाले. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांनी घेतले. चाचेगिरीचा बंदोबस्त हेच कारण तेव्हाही पुढे करण्यात आले. पोर्तुगीजांचे परवाने अठराव्या शतकातही दिले जात होते. त्यांच्या नोंदवह्या पणजी येथील पुराभिलेखागारात आहेत.