नखाएवढी गोष्ट

आमच्या पणजीबाई बाळंतज्वराने गेल्या. ‘कर्माचा उदय’ म्हणून घरचे गप्प बसले. मला मात्र व्हिएन्ना आठवतं. तिथल्या इस्पितळात एप्रिल १८४७ मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरात अठरा बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन केलेले विद्यार्थी साबणाने हात धुऊन बाळंतिणींना तपासत. हाताचा वास काही जात नसे. मे महिन्यात डॉ. सेमेलवाइस यांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले. जूनमध्ये शंभरात दोनच गेल्या. तरी कित्येक वरिष्ठांना ते पटलं नाही!

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, रुग्णसेवेत नखं अर्ध्या सेंटिमीटरहून कमी हवीत, कृत्रिम नखं नकोतच. माझी भाची नर्स आहे. तिच्या लग्नात मी म्हणाले होते, ‘अगं, नखं तरी वाढवायचीस!’ चुकलंच माझं, बायांनो.