काशीतील असकृत्कर्म
गोदाकाठच्या गोलग्रामातील ज्योतिषी घराण्यातल्या कमलाकराने काशीस शके १५८०, म्हणजे इ. स. १६५८ मध्ये, ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ रचला. कोनाच्या तृतीयांशाची ज्या काढावयाची तर घनसमीकरण आडवे येते. त्यावर त्याचा उपाय असकृत्कर्माचा : अंदाजी उत्तर घ्यावे, ते त्याच रीतीत पुन्हा घालावे, आणि फरक नाहीसा होईतो हे चालू ठेवावे. धातूच्या वस्तूवर आदळून विद्युच्चुंबकीय लहरी कशा विखुरतात, याचे गणित आजचा संगणकही पुष्कळदा अशाच आवर्तनांनी सोडवितो. मात्र गोलासाठी १९०८ मध्ये मिळालेल्या अचूक उत्तराशी आणि प्रत्यक्ष मापनाशी ते ताडून पाहिले जाते. कमलाकरास वेधांनुसार सूर्यसिद्धान्तात दुरुस्ती करणे मान्य नव्हते. ज्या सूक्ष्म झाली. ग्रहांचे गणित मात्र कसोटीवाचून राहिले.