सहाशे तिकिटं, एकच चौकोन

७४ तास आधी. बुधवार, दुपारी साडेचार. साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी छपाईच्या मशीनजवळ उभी होते. पवईतल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या मदतीसाठी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला गाण्यांचा कार्यक्रम होता आणि तिकिटाचं डिझाइन माझ्याकडे होतं. जाड आर्ट कार्ड, १२ बाय १८चा शीट, एका शीटवर बारा तिकिटं, असे पन्नास शीट. क्यूआरचा आग्रह आमचाच. २०२३च्या नवरात्रात बोरिवलीत गरब्याचे बनावट पास विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

७३ तास. "ताई, काउंटर ठेवायचा का? परफचे पैसे वेगळे लागतील," कारागिरानं विचारलं. काउंटर म्हणजे स्थळप्रत, छिद्रांच्या रेषेवर (परफवर) फाडायचा तिकिटाचा तुकडा. मी नको म्हटलं. वाचनालयाचे पैसे वाचत होते, आणि दारावर स्कॅनर असणारच होता.

७२ तास. कटिंग झालं. पहिलं तिकीट फोनवर वाचून बघितलं: हिरवी खूण. मग ०००१ ते ०६०० सगळे नंबर एकेक करून तपासले. क्यूआरचे चौकोन तपासले नाहीत. नंबर एक्सेलमधून येत होते, प्रत्येक तिकिटावर बदलत होते. क्यूआरची तशी जोडणी राहून गेली होती. चाचणीसाठी चिकटवलेलं पहिलंच चित्र सगळीकडे छापलं गेलं. फाइल माझी होती.

माणसाच्या डोळ्याला दोन क्यूआर सारखेच दिसतात. १९९४मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा चौकोन घडवला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद यंत्रानं झटपट वाचावी म्हणून. डाग पडला, कोपरा थोडा फाटला, तरी तो वाचला जातो. चुकीचं छापलेलंही तितक्याच बिनचूक वाचलं जातं.

२४ तास. शेवटची तिकिटं संपली.

१ तास. श्रावणसर आली ती थांबेचना. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड तुंबला. लवकर निघालेले आणि उशिरा निघालेले, सगळे एकदमच पोचणार हे तेव्हाच कळलं.

४० मिनिटं. सभागृहाचं दार उघडलं. पहिल्या बाईंच्या तिकिटावर ०२३८, स्क्रीनवर ०००१. दारावरच्या मुलानं फक्त हिरवा रंग बघितला. दुसरं तिकीट लाल: 'आधीच वापरलेले'. तिसरं लाल. त्यानं शर्टानं काच पुसली. चौथंही लाल. मी दोन तिकिटं शेजारी धरून टॉर्च मारला. खालच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा एक आकार होता, कपड्यांच्या हुकासारखा. दोन्हीवर तोच. पोटात गोळा आला.

२५ मिनिटं. दाराबाहेरच्या छपराखाली मावतील त्याच्या दुप्पट माणसं. पायऱ्या निसरड्या, मागून रेटा. मला कोची आठवलं: २५ नोव्हेंबर २०२३, विद्यापीठातला कार्यक्रम, पाऊस, खुल्या सभागृहाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, चेंगराचेंगरी, चार मृत्यू. इथे एक आजी कठड्याशी दाबल्या गेल्या होत्या, पर्स छातीशी धरून.

१५ मिनिटं. पेनानं खूण करून सोडू म्हटलं, तर ओल्या गुळगुळीत कार्डावर पेन उठेना. स्थळप्रत असती तर फाडून माणूस आत घेता आला असता. फाडायला काहीच नव्हतं.

१० मिनिटं. कुणीतरी ओरडलं, सुरू झालं! रेटा वाढला. "दोन्ही दारं उघडा," मी म्हटलं. आजींना आधी आत घेतलं.

शून्य. साडेसहा. पावसापासून आडोशाला आलेलेही आत गेले होते. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, मग दारं बंद करावी लागली. तिकीट हातात असलेली माणसं बाहेर भिजत राहिली. रहदारीत अडकलेली तर अजून येतच होती. मी छत्रीखाली उभी राहून त्यांचे पैसे परत करत होते. एका काकूंनी नोटा परत माझ्या मुठीत दाबल्या. "राहू दे गं, पुस्तकांना होतील." तिकीटही दिलं. ०४१७. कार्ड भिजून वाकलं होतं, पण शाई कुठेच पसरली नव्हती.