देवमासा पाहणे : रामटेक ते देवबाग



नागपूरच्या माणसाने समुद्रावर व्याख्यान द्यावे, हे ऐकून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारले, "सर, आपल्या शहरात तर नाग नदीलाही पाणी नाही, तुम्ही देवमाशावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्या झीरो माइलच्या खांबापासून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र लांबच लांब. पण आजचा विषय समुद्र हा नाही. विषय आहे 'पाहणे'. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला ही एक खोडच लागली आहे. कोणी म्हणाले "आम्ही अमुक पाहिले", की आम्ही लगेच विचारतो, म्हणजे नेमके काय केले?

निमित्त सांगतो. गेल्या जानेवारीत आम्ही सात जण, सगळे निवृत्त, चार गुरुजी आणि तीन गृहिणी, कोकणात गेलो होतो. कुडाळला उतरून तारकर्ली, तिथून देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. जिथे ती पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. तिथून डॉल्फिन दाखवायला होड्या सुटतात. ती फेरी आम्ही केली. तिथे काय झाले ते शेवटी सांगतो, कारण ते आधी सांगितले तर तुम्ही इतिहास ऐकणार नाही.

आपल्याकडे देवमासा पाहण्याची सर्वांत सुंदर नोंद कोणाची? कालिदासाची. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून लंकेहून परत येतो आहे आणि सीतेला खालचा समुद्र दाखवतो आहे. त्यात एका श्लोकात 'तिमी' येतात. हे तिमी नदीच्या मुखाशी पाणी तोंडात घेतात, आतल्या जिवंत प्राण्यांसकट घेतात, मग जबडा मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वर उडवतात, असे तिथे वर्णन आहे. आता हा कवी आपला म्हणायचा की नाही, यावर भांडणे आहेत. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हयातभर साधार मांडले. छत्तीसगडातल्या रामगढचा पक्ष घेणारेही आहेत. आम्ही नागपूरचे, त्यामुळे आमचा पक्ष कोणता हे सांगायला नको. रामटेकला संस्कृत विद्यापीठही त्याच्याच नावाने आहे.

पण गंमत पुढे आहे. या श्लोकाचा पहिला अर्धा भाग थक्क करणारा आहे. दात नसलेले जे मोठे देवमासे असतात, निळा देवमासा धरून, ते खरोखर तसेच जेवतात. प्रचंड तोंड उघडायचे, माशांसकट नाहीतर कोळंबीसारख्या बारीक जिवांसकट पाणी आत घ्यायचे, तोंड मिटायचे, आणि जबड्यातल्या झालरीतून पाणी गाळून बाहेर टाकायचे. 'जिवंत प्राण्यांसकट पाणी' हे शब्द कोणा दर्यावर्दीकडून ऐकल्याशिवाय सुचणार नाहीत, असे आम्हाला वाटते. दुसरा अर्धा भाग मात्र चुकला. डोक्यावरून जे उडते ते तोंडातले पाणी नव्हे, तो श्वास आहे. फुप्फुसातली गरम, दमट हवा जोराने बाहेर पडते, तिच्यातली वाफ गारठते, छिद्रावरचे थोडे पाणी तिच्याबरोबर उडते आणि लांबून आपल्याला कारंजे दिसते.

आणि ही चूक एकट्या कालिदासाची नाही बरं का. त्याच्या कितीतरी आधी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने डॉल्फिनचा बारकाईने अभ्यास केला. डॉल्फिन अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो, त्याला कल्ले नसून फुप्फुसे असतात, हे सगळे त्याने लिहून ठेवले आहे. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन वर येता न आल्यामुळे गुदमरून मरतो, हेही त्याने नोंदवले आहे. इतके सगळे माहीत असूनही डोक्यावरचे छिद्र कशासाठी, तर खाताना तोंडात गेलेले पाणी बाहेर टाकण्यासाठी, असा निष्कर्ष त्याने काढला! वर्गात आम्ही हे उदाहरण पुष्कळदा दिले. पुरावा हातात आहे, डोळ्यांसमोर आहे, तरी अनुमान चुकते. का चुकते? कारण उडताना दिसते ते पाणी. श्वास दिसत नाही, तो ऐकावा लागतो, आणि त्यासाठी जवळ असावे लागते.

आता थोडे नागपूरच्याच आसपास. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी आहे. राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावरचा तो लेख. त्यात 'गंगापुपुटक' असा एक प्राणी येतो. तो म्हणजे गंगेतला डॉल्फिन, असे बरेच अभ्यासक मानतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकचा शिलालेखही तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. प्राणी पकडण्या-मारण्याला मनाई करणारा तो जुना हुकूम. मिराशींनी त्याचा संबंध अशोकाच्या राजवटीशी जोडला. त्याच दगडावर पुढे वाकाटकांच्या काळात दुसरा लेख कोरला गेला. दगड एकच, आधी प्राण्यांसाठी कायदा, मग राजासाठी लेख. असो. सांगायचे ते इतकेच की मनाई करायला प्राणी पाहावाच लागतो असे नाही. पण यादीत त्याचे नाव लिहायला कोणीतरी तो ओळखावा लागतो.

त्यानंतर बराच काळ देवमासा आपल्या इतिहासात असतो, पण दिसत नाही. एक नाव सांगतो, मलिक अंबर. अहमदनगरच्या निजामशाहीचा तो कर्तबगार हबशी वजीर आपण शाळेत शिकलो. 1610 साली त्याने खडकी वसवले, पुढचे औरंगाबाद. 'अंबर' म्हणजे काय? स्पर्म नावाच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ, जो समुद्रात तरंगत किनाऱ्याला लागतो. गुलामाला मोलाच्या वस्तूचे नाव द्यायची तेव्हा रीतच होती. म्हणजे ज्या दख्खनी सरदारांनी जन्मात समुद्र पाहिला नसेल, त्यांच्याही तोंडी रोज देवमाशाचे नाव होते. माणूस विकला गेला होता आणि अंबरही विकला जात होता, दोन्ही एकाच अरबी समुद्रावरून.

अरबी समुद्राचीच पुढची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना आम्हाला अजूनही अस्वस्थ वाटते. नोव्हेंबर 1966. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या एका महिन्यात सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात 238 कुबड्या देवमासे मारले. आदल्या वर्षीचे चार धरून 242. हे बेकायदा होते, म्हणून अधिकृत आकड्यांत ते दाखवलेच नाहीत. सोव्हिएत संघ मोडल्यावर, 1990 नंतरच्या दशकात, खरी कागदपत्रे बाहेर आली. जगातले इतर कुबडे देवमासे थंड समुद्रातून उष्ण समुद्रात आणि परत असे हजारो किलोमीटर प्रवास करतात. अरबी समुद्रातले तसे करत नाहीत, ते बारा महिने इथलेच. त्यामुळे त्यांची भर बाहेरून पडत नाही. ओमानच्या किनाऱ्यावरचा अंदाज आज शंभराच्याही आत आहे. म्हणजे आम्ही गणिताचा गृहपाठ करत होतो त्या महिन्यात जितके मेले, तितके आज शिल्लकही नाहीत.

त्यांतल्या एका मादीला 2017 मध्ये ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेला ट्रान्समीटर लावला. तिचे नाव 'लुबान', म्हणजे ऊद. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि पुन्हा परत गेली. अशी नोंद पहिल्यांदाच झाली. पाहणारे कोणी नव्हते, पाहिले ते यंत्राने.

पैसे देऊन देवमासा पाहण्याची पद्धत तशी अगदी अलीकडची. 1955 साली अमेरिकेत सॅन दिएगोला एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर घेऊन बोटीतून लोकांना देवमासे दाखवायला सुरुवात केली. तेव्हा जगभर शिकार जोरात होती. म्हणजे काही वर्षे एकाच प्राण्यामागे दोन प्रकारच्या बोटी धावत होत्या. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, देवमासे आणि डॉल्फिन त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षण वाघाइतके. 2013 मध्ये केंद्राने डॉल्फिन कोंडून खेळ दाखवणारी केंद्रे उभारायला मनाई केली, हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आणि कोकण? 2015 साली सिंधुदुर्गाच्या समुद्रात तरुण अभ्यासकांच्या एका गटाला निळे देवमासे दिसले, त्यात आई आणि पिल्लू होते. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक अजस्र देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी त्याला परत ढकलायचा प्रयत्न केला, तो वाचला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला असेच एक पिल्लू लागले. लोकांनी रात्रंदिवस खपून, त्याच्यावर ओली फडकी टाकून, शेवटी त्याला पाण्यात नेले, पण तेही गेले. यातही पाहणे आहेच. टीव्हीवर आपण सगळ्यांनी नागपुरात बसून पाहिले.

आता देवबाग. कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात. किनाऱ्याजवळ दिसतो तो कुबड्या डॉल्फिन. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा, त्यावर छोटा पर. तो खोल समुद्रात जात नाही, उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहतो. कालिदासाने म्हटलेले 'नदीमुख' आम्हाला तिथे आठवले.

सकाळी आठची वेळ. आमची होडी, अजून तीन होड्या. सगळ्यांना नारिंगी जॅकेटे. नावाडी पंचविशीचा. तो म्हणाला, "काका, थंय बघा, गादे इले." आधी काही दिसेना. मग एक करडी पाठ वर आली, गेली. पुन्हा दोन. चारही होड्या तिकडे वळल्या. पाठी बुडाल्या आणि लांब दुसरीकडे निघाल्या. होड्या पुन्हा वळल्या. आणि इथे आम्हाला कबूल करायचे आहे की "भाऊ, जरा अजून जवळ घ्या ना" असे जो म्हणाला, तो दुसरा कोणी नव्हता. आम्हीच. पाच-सहाशे व्याख्यानांतून अहिंसा आणि कांट समजावून सांगणारे. मोबाईल हातात होता, बाकीच्या होड्यांपेक्षा आपल्याला चांगले दिसावे एवढेच त्या क्षणी डोक्यात होते. त्याने होडी दामटली. पाठी बुडाल्या त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

आमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तेवढ्यात बाजूला बोट दाखवले. एक मोठी पाठ आणि तिला अगदी चिकटून एक लहान. नावाड्याने तेही पाहिले आणि आम्हाला न विचारता इंजिन बंद केले. म्हणाला, "पोर आसा तिच्या वांगडा. आता हयच रवाया." बाकीच्या तीन होड्या मोठ्या घोळक्यामागे निघून गेल्या. आमची होडी नुसती हेलकावत राहिली. आमच्यातले एक गुरुजी कुरकुरले, पैसे दिलेत म्हणून. आम्ही गप्प.

चार-पाच मिनिटांनी होडीपासून दोन हातभर अंतरावर आवाज आला. फुस्स! सायकलच्या ट्यूबमधली हवा सुटावी तसा. लगेच त्यामागून त्याहून बारीक, घाईघाईचा दुसरा. तेवढेच. पाठी दिसल्या की नाही हे आज आम्ही छातीठोक सांगू शकत नाही, कारण आम्ही डोळे मिटले होते. मोबाईल खिशात होता.

संध्याकाळी तोच मुलगा किनाऱ्यावर जाळे शिवत बसला होता. जाळ्याला हातभर भोक. आम्ही विचारले, हे कशाने? हसून म्हणाला, गाद्यांनी. जाळ्यातले मासे ओढून खातात, जाळे फाटते. त्याच्या आजोबांच्या काळापासून गादा म्हणजे नुकसान. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि जाळे कापून तो सोडला, तर सरकार भरपाई देते, 2018 च्या अखेरीस तशी योजना निघाली, पंचवीस हजारांपर्यंत. पण गाद्याने स्वतःच फाडलेल्या जाळ्याचे काय, हे त्याने आम्हाला विचारले आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्यालाच विचारले, मग सकाळी इंजिन का बंद केलेस, राग येत नाही का त्यांचा? तो सुई ओढत म्हणाला की राग येतो ना. पण गादे नसते तर तुमी नागपूरसून कित्याक येतलास?

मग जाळे उचलून तो घरी गेला. आपलीही वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.