लग्न लावणारी धवळेरी

प्राचीन ग्रीकांमध्ये चुलीच्या देवतेला हेस्तिया म्हणत. रोममध्ये तिच्याच जातकुळीची देवता होती व्हेस्ता. तिचा अग्नी अहोरात्र तेवत ठेवण्यासाठी सहा पुजारिणी असत. ग्रीक लेखकांनी त्यांना नाव दिलं 'हेस्तियादेस'. लहानपणीच निवड, तीस वर्षं सेवा आणि तोवर लग्नाला बंदी, असा त्यांचा नेम. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसनं जुन्या पूजाअर्चेवर बंदी घातली आणि ही परंपरा संपली.

बाईकडे पौरोहित्य म्हटलं, की आपल्याला अशी लांबची उदाहरणं आठवतात. पण आपल्याकडेही, शहापूर-मुरबाडपासून जव्हार-डहाणूपर्यंत पसरलेल्या वारली समाजात, लग्न लावण्याचा मान परंपरेनं बाईचाच आहे. तिला म्हणतात धवळेरी.

लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात. हो, वारली माणूस चौक 'काढत' नाही, 'लिहितो'. चौकात पालघट देवी असते. तिच्यासमोर धवळेरी गाणी म्हणते, देवांना बोलावते, विधी पार पाडते. पोथी नाही, पंचांग नाही, सारं तोंडपाठ. एरवी देवाधर्माचं भगत बघतो, लग्नात मात्र शब्द धवळेरीचा.

हा शब्दही जुना आहे. धवळा म्हणजे लग्नातलं गाणं. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेनं रचलेले 'धवळे' प्रसिद्ध आहेत. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, ते या लग्नगीतांमुळेच. के. जे. सावे यांनी 1945 साली वारल्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यातही धवळेरी भेटते. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथं रूढीनं लागलेलं लग्न हेच लग्न. म्हणजे धवळेरीचं गाणं ही नुसती हौस नाही, त्यानं संसार उभा राहतो.

1970 नंतरच्या दशकात भिंतीवरची ही चित्रं कागदावर आली आणि जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्राला असं मोल आलं, पण ज्या गाण्यांच्या साक्षीनं चौक लिहिला जातो, ती गाणी विकत घेऊन भिंतीवर टांगता येत नाहीत. ती म्हाताऱ्या धवळेरीजवळ बसूनच शिकावी लागतात.

रोमचा अग्नी विझायला बादशहाचा हुकूम लागला. धवळेरीचं गाणं थांबायला हुकमाची गरज नाही. मांडवात डीजे लागला आणि शेजारी शिकायला कुणी लेकसून बसली नाही, एवढं पुरे आहे.