ड्राइव्हवरची मोटर सुरू होताना जादा प्रवाह का घेते?

इंडक्शन मोटर थेट पुरवठ्यावर सुरू केली की पूर्णभार प्रवाहाच्या सुमारे सहापट प्रवाह खेचते, हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असते. त्याच सवयीने ड्राइव्हवरच्या मोटरने सुरुवातीला दुप्पट-अडीचपट प्रवाह घेतला, तरी ‘एवढा लागायचाच’ म्हणून सोडून दिले जाते. ही समजूत घातक आहे. ड्राइव्ह असताना असा आरंभप्रवाह हे दोषाचे लक्षण असते.

तत्त्व

15 किलोवॉट, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, चार पोलची मोटर घेऊ. पूर्णभारावर प्रवाह सुमारे 28 अँपिअर आणि वेग मिनिटाला 1455 फेरे. समकालिक वेग 1500, म्हणजे स्लिप 45 फेरे. रोटरमधील वारंवारता अवघी 1.5 हर्ट्झ. थेट सुरू करताना थांबलेल्या रोटरमध्ये 50 हर्ट्झ उपजतात आणि प्रवाह 170 अँपिअरच्या घरात जातो. ड्राइव्ह मात्र आरंभी 1.5 हर्ट्झच देऊ शकतो. चुंबकीय अभिवाह योग्य राखला, तर रोटरला पूर्णभाराचीच स्थिती भासते. 28 अँपिअरमध्ये जवळजवळ पूर्ण टॉर्क मिळतो. त्यामुळे जादा प्रवाहाची कारणे तीन गटांत शोधावीत.

1. अभिवाह बिघडणे

अभिवाह व्होल्ट आणि हर्ट्झ यांच्या प्रमाणावर ठरतो; येथे ते हर्ट्झमागे 8.3 व्होल्ट. कमी वारंवारतेला स्टेटरच्या रोधात दाब खर्च होतो, म्हणून टॉर्क बूस्ट देतात. तो अति झाला की गाभा संपृक्त होतो. खूण अशी: कपलिंग सोडूनही प्रवाह जास्त, पण वेग वाढताच उतरतो. स्टारची मोटर डेल्टात जोडली असेल, तर तो सर्व वेगांना चढाच राहतो. उलट, मूळ वारंवारता चुकून 60 हर्ट्झ राहिली, तर प्रमाण 6.9 वर येते, अभिवाह घटतो आणि भाराखाली प्रवाह वाढतो.

2. स्लिप वाढणे

रिकामी मोटर ठीक, भार जोडताच प्रवाह चढतो. रॅम्प 5 वरून 20 सेकंद करून पाहावा. प्रवाह उतरला, तर भाराचे जडत्व हे कारण. न उतरल्यास न सुटलेला ब्रेक, अडकलेला पंप, उलटा फिरत असलेला पंखा तपासावा.

3. प्रवाह भलतीकडे जाणे

सुरू करताक्षणी ट्रिप होत असेल, तर मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडावी. तरीही ट्रिप झाल्यास बहुधा ड्राइव्हचे आयजीबीटी किंवा प्रवाहमापक सदोष. न झाल्यास मोटर-केबलचे इन्सुलेशन मेगरने तपासावे. पण ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर कधीही लावू नये. फार लांब केबलची धारिताही प्रवाह घेते.

मोजणी ड्राइव्हच्या आउटपुटला करावी. मंद वेगात शक्ती कमी असल्याने इनपुटचा प्रवाह छोटा दिसतो आणि फसवतो.

ट्रिप टाळण्यासाठी प्रवाहमर्यादा वाढवणे हा उपाय नव्हे. दुप्पट प्रवाहाने तांब्यातील उष्णता चौपट होते, आणि मंद वेगात मोटरचा स्वतःचा पंखा जेमतेम वारा देतो. ड्राइव्ह ट्रिप होऊन जे सांगत होता, ते मग जळालेले वाइंडिंग सांगते.